सीजीपीए कमी आहे तरी अर्ज करायचाय: बडोद्यातल्या पोरापोरींसाठी सगळं एकेक करून

आमच्या दांडिया बाजारात निकालाच्या दिवसांत भेटेल तो एकच विचारतो, "केटला टका आव्या?", म्हणजे किती टक्के आले, आणि घर पक्कं मराठी असलं तरी हा प्रश्न गुजरातीतच येतो. मला मेकॅनिकलला सीजीपीए, म्हणजे ग्रेडची दहापैकी सरासरी, ६.२ होता, त्यात दुसऱ्या वर्षाच्या दोन एटीकेटी (नापास होऊन राहिलेले विषय), आणि पहिले सहा महिने मी काय केलं तर रोज रात्री जेवण झालं की जॉब पोर्टल उघडून दिसेल त्या जाहिरातीला अप्लाय, अप्लाय, अप्लाय. दीडशेच्या आसपास अर्ज गेले असतील. उत्तरं आली तीन, तिन्ही नकार. आज मी एका इंजिनियरिंग कंपनीत पायपिंगचं काम करतो आणि गेली काही वर्षं फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूलाही बसतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. परवा धाकट्या चुलतभावाचा निकाल लागला, ५.९, काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. त्याच्याबरोबर बसून आम्ही जे जे केलं तेच इथे लिहितोय, कारण त्याच्यासारखे खूप जण आहेत आणि त्यांना कोणी नीट सांगत नाही.

पहिलं काम: तुमचा खरा आकडा काढा

ऐकायला सोपं वाटतं पण निम्मी पोरं इथेच चुकतात. जीटीयूच्या (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) बीईच्या ग्रेडशीटवर तीन आकडे असतात. एसपीआय म्हणजे त्या एका सेमिस्टरचा, सीपीआय म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचा, आणि सीजीपीए म्हणजे शेवटच्या चार सेमिस्टरचा. ज्याचं पहिलं-दुसरं वर्ष खराब गेलं आणि नंतर गाडी रुळावर आली त्याचा सीजीपीए सीपीआयपेक्षा बराच वर असतो. म्हणून जाहिरातीत काय मागितलंय ते शब्द न् शब्द वाचा. "सर्व सेमिस्टर मिळून" असं लिहिलं असेल तर सीपीआय द्यायचा, तिथे सीजीपीए टाकलात तर पुढे कागद तपासताना खोटं बोललात असं दिसतं, मनात खोट नसली तरी.

आता टक्के. जीटीयूचं सूत्र आहे आकड्यातून ०.५ वजा करा आणि १० ने गुणा. म्हणजे ६.५ चे ६० टक्के, माझ्या ६.२ चे ५७, भावाच्या ५.९ चे ५४. सरळ दहाने गुणून ६२ लिहिणारे खूप बघितलेत, ते करू नका, सूत्र युनिव्हर्सिटीचंच वापरा आणि युनिव्हर्सिटीचा तो सूत्राचा कागद डाउनलोड करून फाइलला लावून ठेवा. एमएस युनिव्हर्सिटीवाल्यांनी आपल्या फॅकल्टीत विचारून तिथला नियम घ्यावा, जीटीयूचं सूत्र त्यांना लागू नाही.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी मला सहा महिन्यांनी कळली. खूप कंपन्या लिहितात "६० टक्के किंवा ६.० सीजीपीए". मी माझे ५७ टक्के काढून स्वतःच स्वतःला बाद करत होतो, आणि खरं तर ६.२ असल्यामुळे मी त्या ओळीत बसत होतो! "किंवा" लिहिलंय ना, मग ज्या मापात तुम्ही बसता ते माप धरा. फॉर्ममध्ये फक्त टक्क्यांचाच रकाना असेल तर मात्र सूत्राने आलेले टक्केच भरा आणि एचआरला मेल करून विचारा की ग्रेडवाल्यांनी कुठला आकडा धरायचा. लेखी उत्तर आलं की ते जपून ठेवा.

दुसरं: ही अट कुठल्या जातीची आहे ते ओळखा

सगळ्या अटी सारख्या नसतात आणि हे नाही समजलं तर मेहनत वाया जाते.

सरकारी आणि पीएसयूची (सरकारी मालकीच्या कंपन्यांची) अट म्हणजे भिंत. तिथे विनवणी, ओळख, चांगला रेझ्युमे, काही चालत नाही. इंडियन ऑइलचंच बघा, आपल्या कोयलीच्या रिफायनरीमुळे बडोद्यातल्या प्रत्येक आईबापाचं स्वप्न तेच असतं, तर तिथल्या इंजिनियर भरतीत ओपन, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ६५ टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५५. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ऑफिसरला ओपनसाठी ग्रॅज्युएशनला ६० टक्के. आणि बँकांच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमीच धरले जातील. तेव्हा "साठच्या जवळपास आहे, चालून जाईल" हे डोक्यातून काढा, फी भरून फॉर्म टाकलात तर फी गेली आणि अभ्यासाचे महिनेही गेले.

मोठ्या कंपन्यांची घाऊक भरती म्हणजे चाळणी. लाखभर अर्ज येतात, माणसं वाचणार किती, म्हणून कॉम्प्युटर आकड्यावरून गाळतो. आयटीतल्या मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे ६० मागतात, वर चालू बॅकलॉग (न सुटलेला विषय) नको वगैरे. ही चाळणी फक्त त्या एका फॉर्मवर बसवलेली आहे. त्याच कंपनीत दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन गेलात तर खूपदा सगळा भर कामावर असतो, मार्क मागे पडतात. सगळीकडे नाही हं, काही ठिकाणी तेव्हाही ५०-६० ची ओळ असते, पण दार उघडतं.

तिसरी जात म्हणजे सवयीने लिहिलेली अट. शंभर-दोनशे माणसांची कंपनी, एचआरने मागच्या वर्षीची जाहिरात कॉपी केलेली, "फर्स्ट क्लास प्रिफर्ड". प्रिफर्ड, पसंती, शक्यतो असं काही लिहिलं असेल तर बिनधास्त अर्ज करा. आमच्याकडे जी पोरं लागली त्यातल्या बऱ्याच जणांना फर्स्ट क्लास नव्हता, ड्रॉइंग वाचता येत होतं.

तर एक वही करा, मोबाइलवर नको, वहीच, आणि प्रत्येक जाहिरातीपुढे लिहा: भिंत, चाळणी की सवय. चुलतभावाने ४० जाहिराती अशा वेगळ्या केल्या, त्यात ११ भिंती निघाल्या, त्या सोडून दिल्या आणि त्याचं निम्मं टेन्शन तिथेच उतरलं.

तिसरं: जिथे टक्के विचारतच नाहीत ती दारं

एसएससी म्हणजे इथे दहावी नाही, केंद्र सरकारचं स्टाफ सिलेक्शन कमिशन; त्यांच्या सीजीएल परीक्षेला बहुतेक पदांसाठी कुठलीही डिग्री चालते, टक्क्यांची अट नाही. एसएससी जेईला (ज्युनियर इंजिनियर) सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री, तिथेही किमान टक्के नाहीत, काही डिपार्टमेंटला डिप्लोमावाल्यांकडून अनुभव मागतात तेवढं बघा. यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेस आणि इंजिनियरिंग सर्व्हिसेस, दोन्हीकडे डिग्री पुरते. आयबीपीएस पीओ आणि एसबीआय पीओ या बँक ऑफिसरच्या परीक्षा, तेच. गेट या इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेलाही किमान मार्क लागत नाहीत आणि स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणजे ५.९ वाला पोरगा गेट देऊन एमई किंवा एमटेकला जाऊ शकतो, फक्त त्या त्या कॉलेजची बीईच्या मार्कांची अट आधी बघायची. पण एक सावध करतो, एमटेक केल्याने बीईचे मार्क पुसले जात नाहीत, काही कंपन्या पुढेही बीईचेच विचारतात, म्हणून फक्त मार्क झाकायला मास्टर्स करू नका, विषय आवडत असेल तर करा.

चौथं: अप्रेंटिसशिप, जी आपल्याकडे लोक उगाच कमी समजतात

"बीई करून अप्रेंटिस?" असं काका म्हणतील. म्हणू देत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ग्रॅज्युएट आणि डिप्लोमावाल्यांसाठी एक वर्षाचं ट्रेनिंग असतं, नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, गुजरातचं काम मुंबईच्या वेस्टर्न रीजनच्या बोर्डाकडे येतं. ठरलेल्या किमान स्टायपेंडचा अर्धा हिस्सा सरकार उचलतं म्हणून कंपन्याही घेतात, आणि वर्षाच्या शेवटी सरकारी सर्टिफिकेट मिळतं. रिफायनरी, खताचे कारखाने, मोठे इलेक्ट्रिकल प्लांट, जिथे नोकरीचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही तिथे आत जाऊन वर्षभर काम बघता येतं. इथल्या मार्कांच्या अटी नोकरीच्या अटींपेक्षा वेगळ्या असतात, प्रत्येक जाहिरात वेगळी वाचा.

क्रम मात्र सांभाळा. आधी एक वर्ष किंवा जास्त नोकरी केली असेल तर ही अप्रेंटिसशिप मिळत नाही, आणि एकदा केली की दुसऱ्यांदा करता येत नाही. म्हणजे ही करायची तर निकालानंतर लगेच. मला हे कोणी सांगितलं नाही, मला कळलं तेव्हा माझं वर्ष उलटून गेलं होतं, त्याची हळहळ अजून आहे.

पाचवं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) स्वतः जा

बडोद्याचं नशीब की शहराच्या चारी बाजूंना कारखाने आहेत. मकरपुरा तर घरातलंच, शिवाय पोर-रमणगामडी, वाघोडिया, मंजुसर, नंदेसरी. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर व्हेसल, हीट एक्सचेंजर, फार्मा मशिनरी. यातल्या कितीतरी युनिट्सची जाहिरात पोर्टलवर येतच नाही, शेठ फोरमनला सांगतो एक पोरगा बघ आणि फोरमन आपल्या भाच्याला आणतो. तुम्ही त्या भाच्याच्या आधी तिथे उभे पाहिजे.

कसं करायचं ते सांगतो. मकरपुऱ्यातच वडोदरा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीचं ऑफिस आहे, तिथून सुरुवात करा, मेंबर कंपन्यांची यादी कशी मिळेल विचारा. यादीतून तुमच्या ब्रँचच्या तीसेक कंपन्या निवडा आणि प्रत्येकीची वेबसाइट बघून ते बनवतात काय हे एका ओळीत वहीत लिहा. मग सकाळी जा, साडेनऊ-दहाच्या सुमारास, दुपारी जेवणानंतर शेठ भेटत नाही आणि शनिवारी तर डिस्पॅचची गडबड. गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांना गुजरातीत नमस्कार करा, "नोकरी आहे का" विचारू नका, "क्वालिटीच्या साहेबांना भेटायचंय, रेझ्युमे द्यायचाय" असं सांगा. डिपार्टमेंटचं नाव घेतलं की तुम्हाला काहीतरी माहिती आहे असं वाटतं. दहापैकी सात ठिकाणी गेटवरच रेझ्युमे ठेवून घेतील, ठीक आहे, दोन ठिकाणी आत बोलावतील, आणि तिथे मी शपथेवर सांगतो, पहिला प्रश्न टक्क्यांचा नसतो. मला पहिल्या शेठने व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिलं आणि म्हणाला हे माप. मी मापलं, लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) सांगितला, दुसऱ्या सोमवारपासून कामाला. पगार कमी होता, बस पकडायला सकाळी सहाला उठायचं, पण तिथे दोन वर्षांत जे शिकलो त्याच्यावर आजची नोकरी उभी आहे.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं, एकटीने गेटोगेट फिरणं काही ठिकाणी अवघड जातं, तर आधी फोन करून वेळ घ्या, मैत्रिणीबरोबर जा, आणि ड्रॉइंग ऑफिस, क्यूए (क्वालिटी) डॉक्युमेंटेशन, प्लॅनिंग, पर्चेस असा डिपार्टमेंटचा उल्लेख करून मेल पाठवून मगच जा. आमच्याकडे क्यूए डॉक्युमेंटेशनमधली सगळ्यात पक्की व्यक्ती एक मुलगी आहे आणि तिचा सीजीपीए माझ्यापेक्षा कमी होता.

सहावं: मार्कांच्या जागी दाखवायला काहीतरी हवं

मार्क कमी म्हटल्यावर समोरच्याला भीती एकच, याला येतं का. ती भीती घालवणारी वस्तू हातात पाहिजे. एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन) कोर्स फुकट करता येतो, सर्टिफिकेटसाठी परीक्षेची फी १,००० रुपये, आणि फायनल स्कोअरमध्ये असाइनमेंट २५ टक्के, परीक्षा ७५ टक्के, परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते म्हणून त्याला वजन आहे. ज्या विषयात तुम्ही कॉलेजला गटांगळी खाल्लीत तोच विषय घ्या. थर्मोत एटीकेटी होती आणि नंतर थर्मोचं एनपीटीईएल चांगल्या मार्कांनी पास, हे रेझ्युमेवर बघितलं की मी तरी थांबतो.

बाकी आपल्या बडोद्याच्या कामाला काय लागतं ते शिका. डिझाइनला जायचं तर ऑटोकॅड आहेच, पण त्याहून आधी जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या माप-आकाराच्या मर्यादांच्या खुणा) आणि आयसोमेट्रिक (पाइपचं तिरकं त्रिमितीसारखं ड्रॉइंग) वाचता आलं पाहिजे. फॅब्रिकेशनला जायचं तर वेल्डिंगचे डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं त्याचा लेखी कागद), पीक्यूआर (ती पद्धत तपासल्याची नोंद) काय असतात हे एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या कोडमधून समजून घ्या. एनडीटी (वस्तू न तोडता तपासणी) लेव्हल टूचे क्लास खूप आहेत, करा, पण क्लासवाले सांगत नाहीत ती गोष्ट अशी की एसएनटी-टीसी-१ए या एनडीटीच्या नियमावलीप्रमाणे सर्टिफाय करायची जबाबदारी कंपनीची असते आणि त्यासाठी प्रत्यक्ष कामाचे तास लागतात, म्हणजे क्लासचं सर्टिफिकेट सुरुवातीला उपयोगी पडतं पण एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी कर्ज वगैरे काढू नका.

आणि एक फाइल बनवा. स्वतः केलेली पाच ड्रॉइंग, प्रोजेक्टचे फोटो, एखाद्या पंपाची उघडून काढलेली माहिती. कागदावर, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. इंटरव्ह्यूत ती टेबलावर ठेवली की बोलणं मार्कांवरून फाइलवर जातं.

सातवं: रेझ्युमे आणि मेल

जाहिरातीत मार्क मागितले असतील तर लिहायचे, लपवायचे नाहीत. मागितले नसतील तर फक्त डिग्री, कॉलेज आणि वर्ष लिहिलं तरी चालतं, यात खोटं काही नाही. वर काम, खाली शिक्षण. शेवटच्या सेमिस्टरचे एसपीआय चढते असतील तर ते लिहा, "सेमिस्टर ७: ७.४, सेमिस्टर ८: ७.८" असं, त्याच्या शेजारी सीजीपीएही लिहा. बॅकलॉग असेल आणि सुटला असेल तर "सध्या एकही बॅकलॉग नाही" ही ओळ टाका, एचआरचा तो प्रश्न असतोच.

मेल इंग्रजीतच लिहायचा, मी अर्थ सांगतो. एचआरला नाही, शक्य असेल तर डिपार्टमेंटच्या माणसाला. पहिल्या वाक्यात ते काय बनवतात आणि तुम्हाला त्यात कुठलं काम करायचंय. दुसऱ्यात तुम्ही केलेली एक गोष्ट, आकड्यासकट. तिसऱ्यात सरळ: "जाहिरातीत ६० टक्के मागितलेत, माझे ५४ आहेत, तरी १० मिनिटं दिलीत तर माझं काम दाखवायला येईन, या आठवड्यात कुठल्याही सकाळी." माफी मागू नका, कारणं लिहू नका, घरची परिस्थिती तर अजिबात नाही. आठ-दहा ओळींत संपवा. आठवड्याने एकदा आठवण, त्यानंतर सोडून द्या.

आठवं: "मार्क कमी का?"

हा प्रश्न येणार, आरशासमोर नाही तर घरच्या माणसासमोर बसून तयारी करा. तीन वाक्यं पुरतात. काय झालं, कधी सुधारलं, पुरावा काय. माझं उत्तर असं असायचं: "पहिल्या दोन वर्षांत मी अभ्यासाकडे लक्ष दिलं नाही, चूक माझी होती. पाचव्या सेमिस्टरपासून नीट बसलो, तेव्हापासून एकही एटीकेटी नाही. ही मी केलेली आयसोमेट्रिक, यातलं काही विचारा." आणि गप्प. मास्तर वाईट होते, पेपर कडक तपासले, असं म्हणालात की समोरचा मनात पेन खाली ठेवतो. घरात आजारपण किंवा असं खरंच काही झालं असेल तर एका वाक्यात सांगा, त्याची लाज नाही, फक्त त्याच्यावरच थांबू नका.

फसू नका

फॉर्ममध्ये आकडा कधीही वाढवू नका. जॉइन झाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले युनिव्हर्सिटीकडून मार्कशीट तपासून घेतात आणि कमी मार्कांनी नोकरी मिळाली नाही तर दुसरी मिळते, खोट्या मार्कांनी गेली तर ती गोष्ट मागे लागते. खोटं एक्सपिरियन्स लेटर विकणारे आहेत, तेही नको. कोणी "बॅक डोअरने लावतो, एवढे भरा" म्हणालं तर तिथून उठा, कितीही चकचकीत ऑफिस असलं तरी.

आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाला ठेवायला देऊ नका. माझ्या दुसऱ्या कंपनीने दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली आणि ओरिजिनल कपाटात ठेवून घेतल्या, सोडताना त्या परत मिळवायला मला पाच महिने चकरा मारायला लागल्या आणि त्यात एक चांगली संधी हातची गेली. दाखवायच्या, तपासू द्यायच्या, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत पिशवीत. बाँड असेल तर रक्कम किती आणि किती महिन्यांचा हे घरी आणून मोठ्यांना वाचायला द्या, मगच सही.

चुलतभावाच्या वहीत आता २३ कंपन्या झाल्यात, नॅट्सवर नाव नोंदवलंय, आणि गुरुवारी मंजुसरला एका व्हॉल्व्हवाल्यांनी बोलावलंय. काल रात्री बसून ग्लोब व्हॉल्व्ह आणि गेट व्हॉल्व्हचं सेक्शन हाताने काढत होता, काकूंनी मध्येच येऊन विचारलं हे काय आहे, तर त्याने अर्धा तास समजावून सांगितलं.